बदाम ज्याचा, ब्रोच त्याचा

१

गोड भाताचं भलंमोठं भांडं तळापर्यंत खरवडून झालं, तरी बदाम कुणाकडेच निघाला नाही.

"आता पुरे हं," हेरबोर्ग म्हणाली. तिने चमचा खाली ठेवला आणि टेबलावरच्या एकेकाचे गाल निरखले. "ज्याला मिळालाय त्यानं दाखवा. झाली तेवढी गंमत बास."

हालवरनं हेरबोर्गच्याच गालांकडे पाहिलं.

मायकेनला खरं तर फक्त झोप हवी होती. पहाटेच नॉर्वेतल्या क्रिस्तियानसानहून बोट धरलेली, समुद्र खवळलेला, आणि पाच वर्षांची लेक तिरिल वाटभर तिच्या मांडीवर डोकं ठेवून मळमळतंय म्हणून कण्हत आलेली. दुपार व्हायच्या आत हिर्त्सहाल्स बंदराजवळच्या या खानावळीत येऊन बसले ते बसलेच. हेरिंग माशाचे तीन प्रकार, तळलेला मासा, कुरकुरीत सालीचं भाजलेलं डुकराचं मांस, बदक, लाल कोबी, चीज, आणि शेवटी हा भात. नाताळाआधी एका रविवारी समुद्र ओलांडायचा आणि डेन्मार्कमध्ये पोट फुटेस्तोवर जेवायचं, ही तिच्या सासरची जुनी रीत. सासरे होते तेव्हा हसण्यानं छत उडायचं. ते गेल्यापासून हे जेवण म्हणजे एक ताट उचलून दुसरं येईपर्यंत न भांडण्याची कसरत झाली होती.

भांडणाचं मूळ टेबलाच्या मधोमध, मखमलीच्या डबीत उघडं पडलं होतं: सासूबाईंच्या आजीचा चांदीचा ब्रोच. सोन्याचं पाणी दिलेल्या इवल्या इवल्या चकत्या त्याला लटकलेल्या. मे महिन्यातल्या राष्ट्रीय सणाला सासूबाई, म्हणजे सिग्नी, तो छातीवर लावून निघाली, की तिच्याआधी त्याची किणकिण रस्त्यावर पोचायची. थोरला हालवर म्हणायचा, माझी लेक येत्या मे महिन्यात पहिल्यांदा सणाचा पोशाख घालणार, तिला द्या. हेरबोर्ग म्हणायची, घरातली एकुलती एक मुलगी मी, यात विचारायचं काय? धाकटा यार्ले, म्हणजे मायकेनचा नवरा, यात कधी पडला नाही. तो समुद्रात, तेलविहिरीच्या फलाटावर कामाला. आजही तिथेच होता, त्यामुळे टेबलाशी सिग्नी, ही दोघं भावंडं, मायकेन आणि तिरिल, एवढीच पाच माणसं.

शेवटी आज सकाळी बोटीवर सिग्नीनं हात झटकले होते. "बदाम ज्याचा, ब्रोच त्याचा. मला आता निवडानिवड नको. दमले मी."

रीत सगळ्यांना पाठ होती. भातात एकच अख्खा बदाम. ज्याच्या दाताखाली येईल त्यानं तो गुपचूप गालात दडवायचा, चेहरा कोरा ठेवायचा, आणि बाकीच्यांना शेवटच्या शितापर्यंत खायला लावायचं. मग दाखवायचा. एरवी बक्षीस म्हणून मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं, डुक्कर मिळतं. आज डुक्कर नव्हतं.

"यांनी टाकायचाच राहिला असेल," हालवर म्हणाला आणि त्यानं वाढपीण बाईंना हाक मारली.

लिस्बेत हात पुसत आली. चांगली ठसठशीत बाई, दिवसभर पायांवर उभी राहून तीही कंटाळलेली. "टाकायचा राहिला? अहो, मी माझ्या हातानं टाकलाय. अख्खा, सोललेला, पांढराशुभ्र. भांडं मीच आणलं, मीच इथं ठेवलं. त्यानंतर त्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही."

ती गेली. हेरबोर्ग खुर्चीत मागे टेकली.

"म्हणजे इथल्याच कुणीतरी तो लपवलाय," ती म्हणाली, आणि तिची नजर सावकाश येऊन मायकेनवर थांबली.

२

"माझ्याकडे काय बघतेस?" मायकेन म्हणाली.

"तुझ्या बशीकडे बघतेय गं."

मायकेननंही पाहिलं. बशीच्या कडेला बदामाच्या तुकड्यांचा छोटा ढीग होता. तिनंच रचलेला. नॉर्वेतल्या घरच्या भातात तो एक बदाम सोडला तर काहीच नसतं, सगळं मऊ. इथे डेन्मार्कमध्ये मात्र भातात बदामाचे तुकडे पेरलेले असतात, घासागणिक दाताखाली येतात. पहिला चमचा तोंडात घालताच ते तिच्या लक्षात आलं होतं, आणि मग तिनं तिरिलचा वाडगा ओढून घेऊन एकेक तुकडा वेचून काढला होता. पोरीच्या घशात काही अडकेल ही भीती तिच्या मनातून कधी गेलीच नव्हती. बोटीवर हालवरनं खारवलेल्या बदामांचं पाकीट फोडून एक तिरिलपुढे धरला, तेव्हाही तिनं तो जवळजवळ हिसकावून परत दिला होता. "अगं, पोर आहे की काचेचं भांडं?" तो हसला होता.

"तू पोरीचा वाडगा चमच्यानं उपसत होतीस," हेरबोर्ग म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. इतके तुकडे सापडले, आणि अख्खा तेवढा नाही सापडला?"

"सापडला असता तर तिथल्या तिथे सांगितलं असतं."

"का? रीत तर लपवायची आहे. लपवला असशील आधी, आणि मग वाटलं असेल, आता काढला तर लोक म्हणतील सूनबाईंनी डाव साधला."

"हेरबोर्ग, जाऊ दे," हालवर पुटपुटला, पण ते जाऊ द्यावं असं त्याच्या आवाजात काही नव्हतं.

मायकेननं सासूकडे पाहिलं. खरं तर हे सगळं थांबवायचं ते सिग्नीनंच. बदाम कुणाकडे हेही दरवर्षी तीच विचारायची, तिचा आवाज टेबलभर फिरायचा. आज विचारलं ते हेरबोर्गनं. सिग्नी टेबलक्लॉथची घडी बोटानं दाबत खिडकीबाहेर बघत होती. अंधारून आलं होतं. दमलीय बिचारी, मायकेनच्या मनात आलं. तीन मजली बोट, चार तास जेवण, आणि ही दोन पोरं.

पण उद्या सकाळी मायकेनला याच सासूच्या घरात उठायचं होतं. वरच्या मजल्यावर ती राहायची, खाली सिग्नी. यार्ले यायला अजून दोन आठवडे होते. जिच्यावर चोरीचा संशय आहे त्या बाईनं तिथे रोज जिना उतरून "सुप्रभात, आई" कसं म्हणायचं?

तिनं पर्स उचलली आणि टेबलावर पालथी केली. ओले रुमाल, तिरिलचे जादा मोजे, तापाचं औषध, एक चुरगळलेलं चित्र, खडूचा तुकडा. बदाम नव्हता.

"पोरीचं तोंड?" हेरबोर्ग म्हणाली.

"काय?"

"म्हणजे तिनंच गालात ठेवला असेल. तिला कळतं का त्यातलं? तिरिल, राणी, आत्याला आ करून दाखव बघू."

मायकेन बोलायच्या आत तिरिलनं आ केला. दातांच्या डॉक्टरकडे करतात तसा, डोळे मिटून, पूर्ण विश्वासानं. भातावर ओतलेल्या चेरीच्या रसानं लाल झालेली जीभ. बाकी काही नाही.

टेबलाच्या त्या टोकाला सिग्नीच्या हातातला चमचा बशीवर आपटला.

३

कॉफी आली. तिरिल खुर्चीवरून उतरली आणि शिकवल्याप्रमाणे आजीपाशी जाऊन उभी राहिली. "आजी, जेवणाबद्दल आभार."

यावर "अंगी लागो, माझ्या बाळे!" असं सिग्नी नेहमी इतक्या मोठ्यानं म्हणायची, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायची. आज तिनं नुसता पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात थोडा जास्त वेळ तिथे राहिला.

तिरिल साखरेच्या भांड्याकडे सरकली. मायकेननं ते उचलून पलीकडे ठेवलं. साखरेचे खडे गालात धरायचं हे वेड तिनं आजीकडूनच उचललं होतं, आणि त्यावरून घरी रोज युद्ध व्हायचं. कुणीच भांडं मागितलं नाही. हालवरला डॉक्टरांनी साखर बंद केलेली, हेरबोर्ग दूध घालून प्यायची, आणि मायकेनला आता कॉफीची चवही नको होती.

तेवढ्यात हालवर खाकरला.

"बरं बाबा," तो म्हणाला. "हरलो. मला वाटलं अजून थोडं ताणावं. पण तुम्ही तर तलवारी काढल्यात." त्यानं मूठ तोंडापाशी नेली, आणि उघडून टेबलावर ठेवली.

मुठीत बदाम होता.

हेरबोर्गचा चेहरा उतरला. "तू? इतका वेळ?"

"रीत आहे ना ती? तिसऱ्या का चौथ्या घासाला सापडला. पांढरा मऊ भात, आणि एकदम दाताखाली काहीतरी कडक. म्हटलं, झालं काम!"

"आणि लहान पोरीला आ करायला लावला तेव्हा गप्प बसलास?"

"आ तू करायला लावलास, मी नाही. आणि तूही लहानपणी एकदा झोपेपर्यंत लपवून ठेवला होतास, विसरलीस?"

मायकेनला हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिची नजर सिग्नीवर गेली. लेकानं बदाम काढल्यावर कुणी हसेल, कुणी चिडेल. सिग्नी दोन्हींपैकी काहीच करत नव्हती. जी गोष्ट तिथे असूच शकत नाही तिच्याकडे बघावं तशी ती त्या बदामाकडे बघत होती, आणि तिचा हात आपोआप तिच्या गालाकडे गेला होता.

हालवरनं डबीकडे हात नेला.

"थांबा," मायकेन म्हणाली.

४

तिचा आवाज तिलाच परका वाटला. या घराच्या टेबलावर तिनं आजवर मीठ पुढे सरकवा यापलीकडे काही ठणकावून म्हटलं नव्हतं.

"हा तो बदाम नाही."

"म्हणजे?" हालवरचा हात तसाच राहिला.

"लिस्बेतनं काय सांगितलं? सोललेला, पांढरा. हा तपकिरी आहे. साल अंगावर आहे याच्या. आणि जवळून बघा, मिठाचे कणही असतील. सकाळी बोटीवर तुम्ही तिरिलला दिलात, तसलाच."

"अगं, चेरीच्या रसानं डागाळला असेल!"

"तुम्ही म्हणालात, मऊ भातात एकदम काहीतरी कडक लागलं." तिनं बशीच्या कडेचा तो ढीग पुढे सरकवला. मघाशी हाच तिच्यावर उलटला होता. "हे बघा. एका पोरीच्या वाडग्यातून इतके निघालेत. इथं प्रत्येक घासात कडक लागतं. मऊ भातात एकच बदाम असतो तो आपल्या घरी, नॉर्वेत. तुम्ही हा भात खाल्लाच नाहीत, हालवर. एक घास जरी खाल्ला असतात तर असं बोलला नसतात."

हेरबोर्गनं हात लांब करून भावाच्या वाडग्यावरचा रुमाल उचलला. खाली लालभडक रसात ढवळलेला भात जसाच्या तसा होता. तिनं तो चमच्यानं तळापर्यंत चाचपला; त्यातही नुसते तुकडेच.

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय," हालवर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आईला वाईट वाटू नये म्हणून नुसतं ढवळत बसलो. खिशात एक राहिला होता... कुणी दाखवेना, मला वाटलं, खराखुरा गिळला कुणीतरी चुकून. मग काय फरक पडतो?"

"फरक?" हेरबोर्ग कडाडली. "बापाच्या माघारी आईच्या दागिन्यावर बोटीवरचा खारा बदाम लावतोस, आणि विचारतोस फरक काय? बाबा असते तर तुला पोहत घरी पाठवलं असतं."

"तू चार वाडगे चापलेस ते काय आईवरच्या प्रेमापोटी?"

"हो, चापले! निदान खाल्ले तरी!"

मग दोघंही थांबले. कारण प्रश्न तिथेच होता. हेरबोर्ग पुन्हा मायकेनकडे वळली. या वेळी तिच्या आवाजात चढेलपणा नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो जास्त लागला.

"ह्याचा खोटा. माझ्याकडे नाही. पोरीकडे नाही. मग खरा कुठाय, मायकेन? उरलं कोण?"

५

उरलं कोण?

मायकेननं डोळे मिटले. पाच वर्षं ती एकच काम न चुकता करत आली होती: कुणाच्या तोंडात काय आहे हे बघणं. मणी, बटण, नाणं, द्राक्ष. गाल फुगलेला दिसला की तिचा हात आधी पुढे जायचा, डोकं मागून. आज सकाळपासूनही ती फक्त एकाच तोंडावर पहारा ठेवून बसली होती. बाकीच्या तोंडांकडे तिनं पाहिलंच नव्हतं. पाहिलं नव्हतं, पण दिसलं तर होतं.

हेरबोर्ग सारखी बोलत होती. कुणाच्या गालात काही असलं की असं बोलणं होत नाही. हालवरनं घास घेतलाच नव्हता. तिरिलचं तोंड सगळ्यांनी पाहिलं.

जी दरवर्षी पहिल्यांदा विचारायची ती आज गप्प होती. "अंगी लागो" म्हणायच्या जागी नुसता हात फिरला. खोटा बदाम बघून जिला आधी धक्का बसला ती एकच व्यक्ती होती. आणि खोटा आहे हे बघताक्षणी कळायला, खरा कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

तिनं डोळे उघडले. सिग्नीपुढे कॉफीचा कप अर्धा झाला होता.

कोरी कॉफी. आयुष्यभर ही बाई साखरेचा खडा गालात धरून त्यातून कॉफी ओढत आली होती. दवाखान्यात, सासऱ्यांच्या दफनानंतरच्या चहापाण्यात, बोटीवर आज सकाळीसुद्धा. खडा नसेल तर कप तोंडाला लावायची नाही. आणि आत्ता साखरेचं भांडं मायकेनच्या कोपरापाशी पडलं होतं, तिनं एकदाही मागितलं नव्हतं.

गालात जागा नव्हती.

मायकेनच्या घशाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. बोलली, तर तिच्या नावावरचा डाग या क्षणी पुसला जात होता. पण तो पुसायला या थकलेल्या बाईला भर टेबलावर आ करायला लावायचा? तिरिलसारखा? आणि नाही बोलली, तर उद्याचा तो जिना होताच.

तिनं साखरेचं भांडं उचललं. टेबलक्लॉथवरून हळूच सरकवत नेलं आणि सिग्नीच्या कपाला टेकवून ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "तुमची साखर राहिली."

सिग्नीनं भांड्याकडे पाहिलं. मग मायकेनकडे. हेरबोर्ग काहीतरी बोलायला गेली, पण आईचा तळहात वर झाला आणि ती थांबली.

सिग्नीनं रुमाल ओठांशी नेला. काढला, तेव्हा बशीत एक बदाम होता. अख्खा, पांढराशुभ्र, थोडा झिजलेला.

"आई!" दोघंही एकदम ओरडली.

"ओरडू नका. कान शाबूत आहेत माझे." इतक्या वेळानंतर तिचा आवाज घोगरा झाला होता. "पहिल्याच वाडग्यात आला. मी म्हटलं, रीत आहे, दडवू या जरा. मग वाटलं, आता कुणीतरी विचारेल, आई, तुझ्याकडे आहे का गं? हालवर, तू हेरबोर्गकडे बघितलंस. तिनं मायकेनकडे. लिस्बेतला बोलावलंत, पर्स उलटी केलीत, पोरीचं तोंड उघडलंत. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"पण आई, तुझ्याकडे कसा असेल असं..." हालवर अडखळला.

"तेच म्हणतेय मी. तो माझा ब्रोच आहे. माझ्या आजीनं माझ्या छातीवर लावलाय. आणि तो मलाच मिळू शकतो, हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुमच्या लेखी मी वाटून झालेली आहे."

मायकेनची मान खाली गेली. कारण तिच्याही डोक्यात ते शेवटीच आलं होतं, बाकीची सगळी तोंडं संपल्यावर.

"पोरीला आ करायला लावला तेव्हा मी बोलायला हवं होतं," सिग्नी म्हणाली. हे ती मायकेनला म्हणाली, दुसऱ्या कुणाला नाही. "तेव्हा मला लाज वाटली, आणि मग लाजेनंच तोंड उघडेना. ती चूक माझी."

"माझीही," हेरबोर्ग खाली बघत म्हणाली. थोड्या वेळानं तिनं टेबलाखालून तिरिलचा हात चाचपून धरला. मायकेनकडे मात्र तिला अजून बघता येत नव्हतं.

"मग आता ब्रोच..." हालवरनं सुरुवात केली.

"बदाम ज्याचा, ब्रोच त्याचा." सिग्नीनं डबी ओढून घेतली. पिन तिच्या बोटांना जमेना. मायकेन उठली, सासूच्या खुर्चीमागून वाकली आणि तिच्या लोकरी स्वेटरवर ब्रोच नीट लावून दिला. चकत्या हलल्या. त्या आवाजानं शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले.

"पुढच्या वर्षी पुन्हा भात," सिग्नी म्हणाली. "त्याच्या पुढच्याही वर्षी. मी आहे तोवर हेच. आणि हालवर, तू खाणार नसशील तर तसं सरळ सांग. मी काही मरत नाही त्यानं."

बाहेर बोटीचा भोंगा झाला. कोट, टोप्या, हातमोजे यांची शोधाशोध सुरू झाली. हालवर बिल चुकवायला निघाला तो वाटेत मायकेनपाशी रेंगाळला, टोपी हातात फिरवत राहिला, आणि शेवटी "तुझी नजर भारी तीक्ष्ण आहे गं" एवढंच म्हणून पुढे गेला. त्याच्याकडून याहून जास्त माफी कुणाला मिळाली नव्हती.

सिग्नीनं बशीतला बदाम उचलला, दातांनी त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिरिलपुढे धरला. मग तिचा हात मध्येच थांबला. तिनं मायकेनकडे पाहिलं, विचारल्यासारखं.

मायकेनचा हात सवयीनं पुढे निघाला होता. तिनं तो कोटाच्या खिशात घातला.

"चावून खा," ती म्हणाली. "सावकाश."

तिरिल चावत राहिली, आणि मायकेन तिच्या तोंडाकडे बघत राहिली, शेवटचा कण गिळेपर्यंत. मग तिनं सासूचा दंड धरला. बंदराकडे जाणाऱ्या थंड वाऱ्यात त्या तिघी सगळ्यांच्या मागे, हळूहळू चालू लागल्या, आणि त्यांच्या पुढे पुढे ती किणकिण.